आठ नंबरचं वाकडं पाऊल

“उद्यापासून तुम्ही अनवाणी चालायचं,” बायकोने सांगितलं, तेव्हा आठ नंबर दोन्ही पाय उशीवर ठेवून पेपर वाचत होते. पेपर खाली आला. पाय तिथेच राहिले.

“कुठे?”

“बागेत. गवतावर. पलीकडच्या इमारतीतल्या सगळ्या जातात. जमिनीतून पायात काहीतरी चढतं म्हणे. त्याने झोप लागते आणि रक्तदाब उतरतो.”

“काय चढतं?”

“ते त्यांनी सांगितलं होतं, मी विसरले. पण चढतं.”

“मुंग्या चढतात,” आठ नंबर म्हणाले आणि पेपर पुन्हा वर घेतला.

आठ नंबर हे त्यांचं नाव नव्हतं, हुद्दा होता. बुटांच्या कारखान्यात ते ‘पाय’ म्हणून कामाला होते. कोणताही नवा बूट बाजारात जाण्याआधी त्याचा पहिला जोड आठ नंबरच्या मापाचा बनतो. कुणीतरी तो घालून दिवसभर चालतं, कुठे दाबतं आणि कुठे लागतं ते सांगतं, आणि मग त्या जोडावरून पाचपासून अकरापर्यंतची बाकीची सगळी मापं काढतात. ते कुणीतरी म्हणजे हे. सव्वीस वर्षांपूर्वी कारखान्याने चाळीस उमेदवारांचे पाय मोजले होते आणि फक्त यांचे दोन्ही पाय बरोबर आठ भरले होते. त्या दिवसापासून त्यांना कुणी नावाने हाक मारली नव्हती. केबिनच्या दारावरही ‘८’ एवढंच लिहिलेलं होतं. नवीन माणसं तिथे येऊन सात नंबरची खोली कुठे आहे असं विचारत.

नेमणुकीच्या पत्रात दोन कलमं होती. पहिलं, ‘कर्मचारी आपल्या कामाची बाहेर वाच्यता करणार नाही.’ दुसरं, ‘कर्मचारी आपल्या पायांस इजा, सूज अथवा आकारबदल होईल असे कोणतेही कृत्य करणार नाही.’ आठ नंबर स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसत, कारण तिथे वरून काहीही पडू शकतं. सिलिंडर बायको सरकवी, कपाट बायको हलवी. घरातल्या प्रत्येक टेबलाच्या पायांना फडकी गुंडाळलेली होती. “या घरात टेबलाला मोजे आहेत,” बायको पाहुण्यांना सांगे, “मला नाहीत.”

“डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना?” बायको आता म्हणाली. “रात्रभर तुम्ही कूस बदलता, मी छत बघते. सव्वीस वर्षं या पायांची उठाठेव केली. आता पायांनी घरासाठी काहीतरी करू दे.”

“अगं, कारखान्याला कळलं तर?”

“कारखाना सकाळी सहाला बागेत येतो का?”

कारखाना येत नसे. तरी आठ नंबरच्या डोळ्यांपुढे एक माणूस उभा राहिला. गोदाम सांभाळणारा सव्वाआठ. त्या चाळीस उमेदवारांत तो दुसरा आला होता, फक्त पाव नंबरने जास्त. सव्वीस वर्षं तो केबिनसमोरून जाताना थबकून विचारी, “काय, पाय बरे आहेत ना?” श्रीमंत काकांच्या खोकल्याकडे पुतण्याचा कान असतो, तसं त्याचं लक्ष या पायांकडे असे. खुर्ची गेली तर ती त्याच्याकडे जाणार होती. दारावरचा आकडाही. आणि आठ नंबर नसलेल्या आठ नंबरला लोकांनी काय म्हणायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यांना स्वतःलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सहाला पाच कमी असताना ते बायकोच्या मागे बागेत उभे होते.

अनवाणी मंडळात सोळा माणसं होती, आठ नंबर सतरावे. प्रमुख होते टपालकाका, वय बहात्तर, पस्तीस वर्षं पत्रं वाटून निवृत्त झालेले. नियम सोपा होता. बागेच्या कठड्यावर बूट ओळीने काढून ठेवायचे आणि गवतावर उतरायचं. बूट काढताना प्रत्येकाच्या तोंडून “हुश्श” असा एक लांबलचक आवाज येत होता. एक बाई तर बूट काढल्यावर डोळे मिटून अर्धा मिनिट तशीच बसून राहिली.

आठ नंबर मात्र कठड्याकडे बघत होते. सवयीने त्यांनी जोड मोजले. सोळापैकी चौदा त्यांच्याच कारखान्याचे. टपालकाकांचा जोड तर नऊ वर्षांपूर्वीचा, काळा, गोल टोकाचा. त्याचा नमुना घालून आठ नंबर स्वतः तीन दिवस चालले होते आणि ‘उत्तम’ असा शेरा दिला होता. त्यांची छाती फुगली.

“बघितलंस?” ते बायकोच्या कानात म्हणाले. “काय विश्वास आहे लोकांचा.”

“काय करता आपण?” टपालकाकांनी विचारलं.

आठ नंबरना पहिलं कलम आठवलं. “कारखान्यात आहे. चालण्याचं काम.”

“माझंही तेच होतं,” टपालकाका म्हणाले. “काढा बूट. सगळ्या दुखण्यांचं मूळ तेच.”

पहिलं पाऊल गवतावर पडलं आणि आठ नंबर जागच्या जागी थिजले. सव्वीस वर्षांत त्या तळव्यांना मोजा, कातडं आणि उशी याशिवाय काही लागलं नव्हतं. गवत ओलं होतं, गार होतं, आणि प्रत्येक पात्याला स्वतंत्र मत होतं. तिसऱ्या पावलाला त्यांना गुदगुल्या झाल्या. सातव्या पावलाला ते हसायला लागले. त्यांच्या बायकोने त्यांना असं हसताना शेवटचं कधी पाहिलं होतं ते तिला आठवेना. त्या रात्री ते साडेनऊला झोपले आणि सकाळी त्यांनीच तिला उठवलं. “चल, गवत वाट बघतंय.”

सहा आठवडे सगळं सुरळीत चाललं. गडबड कारखान्यात सुरू झाली.

“मिस्त्री, करंगळीला दाबतोय,” आठ नंबर म्हणाले.

मिस्त्री कलबूत बनवत, म्हणजे ज्याच्यावर बूट चढवून शिवतात तो लाकडी पाय. आठ नंबरच्या आधीपासून ते तिथे होते आणि त्यांना अरेतुरे करणारे एकटेच उरले होते. त्यांनी कलबुताच्या करंगळीपाशी कातड्याची पट्टी चिकटवली, म्हणजे बूट तिथे तेवढा रुंद होतो.

दोन दिवसांनी आठ नंबर परत आले. “आता अंगठ्याला.”

पट्टी. मग चवड्याला. पट्टी. मग टाच अडकायला लागली. तिसऱ्या आठवड्यात कलबूत औषधाच्या पट्ट्या लावलेल्या पेशंटसारखं दिसू लागलं. मिस्त्रींचं म्हणणं, हल्लीचं कातडं आखडतं. आठ नंबरना वाटे, म्हाताऱ्याची नजर गेली. दोघंही भिडेखातर बोलत नव्हते. अखेर एका सोमवारी आठ नंबरनी नवा जोड घातला, सहा तास चालले आणि म्हणाले, “उत्तम.” त्या कलबुतावरून बाकीची मापं निघाली, आणि महिनाभरात बारा हजार जोड तयार होऊन दुकानांकडे रवाना झाले.

पुढच्या नमुन्याच्या वेळी मात्र मिस्त्रींची झोप उडाली. आठ नंबर दिवसभर चालून आले, “छान आहे, कुठेही लागत नाही,” म्हणाले आणि बूट काढून दिले. मिस्त्रींनी आत हात घातला आणि चटकन बाहेर काढला. बोटाला रक्त होतं.

“आत चूक आहे,” ते म्हणाले.

“माझी काही चूक नाही,” आठ नंबर म्हणाले.

“अरे, चूक. खिळा. तळ ठोकायची चूक. आतून वर आलीय, पाव इंच. सकाळपासून तुझ्या पायाखाली होती. तुला लागली नाही?”

“नाही.”

“पाय दाखव.”

“आता वय झालं, मिस्त्री, कातडी जाड होणारच.”

मिस्त्रींनी तळव्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं. बंद दारावर केल्यासारखा आवाज आला. मग त्यांनी बुटाचा तळ उलटा करून बघितला. सव्वीस वर्षं आठ नंबरची टाच आतल्या बाजूने झिजत असे. आता ती बाहेरून झिजली होती.

मधल्या सुट्टीत चहा पिताना मिस्त्री शेजारच्याला सहज म्हणाले, “आठचं पाऊल वाकडं पडतंय हल्ली.”

ते बोलले टाचेबद्दल. पण वाक्य टेबलावरून उठलं आणि स्वतःच्या पायाने चालू लागलं. शिलाई खात्यात पोचेपर्यंत त्याच्यापुढे ‘या वयात’ लागलं होतं. पेट्या भरणाऱ्यांकडे ते ‘घरी कुणाला पत्ता नाही’ असं होऊन पोचलं. गोदामात सव्वाआठने ते ऐकलं तेव्हा त्याच्या हातातली पेटी खाली पडली, आणि ती त्याने तशीच राहू दिली. वाकडं पाऊल हे सव्वाआठच्या दृष्टीने आधी पाऊल होतं, वाकडं नंतर.

त्याने पाळत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यातला एक माणूस सहाला बागेत आला. झाडामागून त्याला दिसलं ते असं: आठ नंबर एका टोपी घातलेल्या पाठमोऱ्या बाईबरोबर हातात हात घालून चालले होते. हसत होते. बूट काढून ठेवलेले होते. पुढे काय काढून ठेवतात हे बघायला सव्वाआठ थांबला नाही. तो सरळ साहेबांच्या दारात जाऊन उभा राहिला.

साहेब हा भिडस्त माणूस होता. कुणाच्या घरगुती गोष्टीत पडायची त्यांची इच्छा नव्हती. पण पायांचा प्रश्न म्हणजे कारखान्याचा प्रश्न. अकरा वाजता त्यांनी आठ नंबरना बोलावलं.

“दार लावा. बसा. मला सगळं कळलंय.”

आठ नंबर बसले. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते त्यांना कळलं, आणि आता तळव्यांना जमिनीची ओळख असल्यामुळे जास्तच कळलं.

“किती दिवस चाललंय हे?”

“चौदा आठवडे,” आठ नंबर म्हणाले. लपवण्यात अर्थ नव्हता.

“आणि घरी?”

“घरी माहीत आहे.”

“माहीत आहे?”

“बायकोनेच लावलं, साहेब. मी नको म्हणत होतो.”

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. “रोज?”

“रविवारी जरा जास्त वेळ.”

“पण या वयात?”

“या वयातच गरज असते म्हणतात. रक्तदाबाला चांगलं. झोपही छान लागते.”

“लागत असेल,” साहेब म्हणाले. त्यांनी आवाज आणखी खाली आणला. “आणि तुम्ही फक्त दोघंच ना?”

“छे, सतरा जण आहोत. टपालकाका म्हणून एक आहेत, बहात्तर वर्षांचे. ते नवीन माणसांना शिकवतात.”

साहेब उठले. खिडकीपाशी गेले, पडदा ओढला आणि परत आले. “उघड्यावर?”

“उघड्यावरच करायचं असतं. घरात केलं तर उपयोग नाही.”

“लोक बघत नाहीत?”

“आधी बघायचे. आता त्यातलेच चार जण येतात.”

“पण असं सगळं काढून...”

“सगळं कशाला, साहेब? फक्त बूट.”

साहेबांनी जाऊन पडदा पुन्हा उघडला.

“फक्त बूट?”

“आणि मोजे.”

“आणि मग करता काय?”

“चालतो. गवतावर.”

साहेब इतके मोकळे हसले की बाहेरच्या टेबलावरचा कारकून दचकला. “नुसतं चालता होय. मला वाटलं...” हसू अर्ध्यावर आलं आणि तिथेच अडकलं. “अनवाणी चालता?”

“हो.”

“चौदा आठवडे?”

“हो.”

साहेब हळूहळू खुर्चीत बसले. “आठ नंबर,” ते म्हणाले, “मला जे वाटलं होतं ना, ते परवडलं असतं.”

मापपट्टी आणली गेली. साहेबांनी स्वतः जमिनीवर बसून पाय मोजले. एकदा, दोनदा, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. दारात मिस्त्री उभे होते, त्यांच्या मागे सव्वाआठ चवड्यांवर उभा होता. लांबी साडेआठ, आणि रुंदी त्याहून पुढे गेलेली. पाय हातपाय पसरून बसल्यासारखे पसरले होते. बोटं, जी सव्वीस वर्षं रांगेत दाटीने उभी असत, ती आता एकमेकांना ओळखत नसल्यासारखी दूर दूर होती.

“म्हणजे ते बारा हजार...” मिस्त्री म्हणाले.

“अर्धा नंबर ढगळ,” साहेब म्हणाले. “बाजारात पोचले. आठ लिहिलेलं आहे आणि आत साडेआठ आहे. पाच लिहिलेलं आहे आणि आत साडेपाच आहे. लोक चालायला लागतील आणि बूट मागे राहतील.”

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. सव्वाआठने मात्र हलकेच बूट काढले आणि आपला पाय पुढे केला.

दुपारपर्यंत फेरबदल झाला. सव्वाआठ केबिनमध्ये गेला, आठ नंबर गोदामात. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सांगितलं, “महिन्याभरात पाय पुन्हा आठ झाले तर बघू. नाहीतर मला काही करता येणार नाही.” संध्याकाळी गोदामातल्या पोऱ्याने नव्हे, चांगल्या वयाच्या हमालाने त्यांना हाक मारली, “अहो, जरा बाजूला होता का?” सव्वीस वर्षांत कारखान्यात त्यांना प्रथमच कुणी ‘अहो’ म्हटलं होतं. ती हाक त्यांना घरी जाईपर्यंत ऐकू येत होती.

घरी त्यांनी सगळं सांगितलं. बायकोने त्यांचे पाय मांडीवर घेऊन उलटेसुलटे बघितले.

“माझ्यामुळे झालं,” ती अखेर म्हणाली. “मीच वाढवलेत, मीच कमी करते.”

बागेत जाणं बंद झालं. पाय बर्फाच्या बादलीत बुडवले गेले, ओल्या पट्ट्यांनी आवळले गेले, रात्री जुन्या आठ नंबरच्या बुटांत कोंबून लेस घट्ट बांधली गेली. बूट घालून झोपलेला नवरा हे दृश्य बायकोने चार रात्री सहन केलं. पाचव्या रात्री ती उठून बसली.

“सोडा ते. पाय आहेत, कणीक नव्हे, दाबली की बसेल.”

“अगं, पण मग मी कोण?”

“ते उद्या बघू. आज निदान झोपलेला माणूस व्हा.”

तिने लेस सोडली. “हुश्श,” आठ नंबर म्हणाले. अंधारात त्यांना वाटलं, हा आवाज आपण कुठेतरी ऐकलाय. पण कुठे ते आठवायच्या आत त्यांना झोप लागली.

गोदामात काम थोडं होतं. ग्राहकांनी परत केलेले जोड तिथे येत आणि एका जाड वहीत त्यांची नोंद होई. दर हंगामात तीनचारशे जोड येत असत. त्यांच्यासाठी मोठी फळी राखून ठेवलेली होती. आठ नंबर पहिल्या दिवसापासून त्या फळीकडे पाठ करून बसले होते. बारा हजारांतले किती परत येतात याच्या धसक्याने त्यांनी दोन आठवडे मागे वळून पाहिलं नाही. तिसऱ्या आठवड्यात मनाचा हिय्या करून वळले. फळी रिकामी होती. नुसती धूळ.

त्यांना वाटलं, नोंद करायची राहिली असेल. त्यांनी वही काढली. नव्या हंगामाचं पान कोरं होतं. मागची पानं मात्र भरगच्च होती. सव्वाआठच्या वळणदार अक्षरात तीन रकाने होते. तक्रार, कारण, निर्णय.

‘करंगळी दाबते.’ कारण: ‘ग्राहकाचा पाय चुकीचा.’

‘चवडा सुन्न होतो.’ कारण: ‘ग्राहकाचा पाय चुकीचा.’

‘पत्नीने आवाज ऐकून विचारले, कण्हता का?’ कारण: ‘ग्राहकाचा पाय चुकीचा.’

एखाद्या पानावर कंटाळून त्याने नुसतं ‘पा. चु.’ लिहिलं होतं. सव्वीस वर्षं. आणि सात वर्षांपूर्वीच्या एका पानावर आठ नंबरचं बोट थांबलं. ‘निवृत्त टपाल कर्मचारी. काळा जोड, गोल टोक. दोन वर्षे वापरला, सैल होईल या आशेने. अंगठ्याची नखे काळी पडली. बूट परत करत नाही, पण तुम्हाला कळावे म्हणून लिहितो की मी अनवाणी फिरणे सुरू केले आहे व इतरांनाही सांगणार आहे.’

कारण: ‘पा. चु.’

आठ नंबर वही घेऊन मिस्त्रींकडे गेले. मिस्त्रींनी एक पान वाचलं, दुसरं वाचलं, मग चष्मा काढला. कोपऱ्यातल्या माळ्यावरून त्यांनी एक जुनं कलबूत खाली काढलं, आठ नंबरच्या पहिल्या वर्षातलं. शेजारी गेल्या वर्षीचं ठेवलं. पहिलं पाय होतं. दुसरं पायाचं भूत होतं, चेपलेलं, टोकाकडे निमुळतं.

“हे कधी झालं?” आठ नंबरनी विचारलं.

“दर वर्षी थोडं थोडं. तू यायचास, म्हणायचास, जरासा सैल वाटतोय, मिस्त्री. मी थोडं घासायचो. मग तू त्या बुटात वर्षभर चालायचास, पाय तेवढा आवळायचा. पुढच्या वर्षी पुन्हा सैल.” मिस्त्री कलबुतावरून अंगठा फिरवत म्हणाले, “लांबी आठची आठ राहिली म्हणून कुणी बघितलं नाही. बूट तुझ्या पायाच्या मापाचा, पाय बुटाच्या मापाचा. आपण दोघं एकमेकांना ‘उत्तम’ म्हणत बसलो, आणि सगळ्या गावाचे पाय चेपले.”

“आणि आता?”

“आता पहिल्यांदा तू पाय घेऊन आलास.”

दोघं वही आणि दोन्ही कलबुतं घेऊन साहेबांच्या दारात गेले. साहेब फोनवर होते. “हो, पाठवतो,” ते म्हणत होते. “नाही, त्याच मापात. हो हो, तसाच ढगळ... म्हणजे तसाच आरामशीर.” फोन ठेवून त्यांनी समोर पाहिलं. “सतरावं दुकान आहे सकाळपासून. सगळ्यांना तोच जोड हवाय. मला काही समजत नाही.”

मिस्त्रींनी समजावलं. त्याला वीस मिनिटं लागली. त्यातली दहा मिनिटं साहेब वही वाचत होते आणि मधूनच “अरे देवा” म्हणत होते.

मग सव्वाआठला बोलावून नव्या बुटांतला एक जोड घालायला दिला. त्याने मोठ्या रुबाबात तो चढवला, चार पावलं चालला, आणि त्याचा चेहरा उतरला.

“सैल होतोय,” तो म्हणाला.

“किती?”

“पाव नंबर.”

सव्वीस वर्षं तो पाव नंबराने जास्त होता. आता पाव नंबराने कमी पडला. बूट काढून त्याने नीट शेजारी शेजारी ठेवले आणि तो गोदामाकडे निघाला. दारात आठ नंबरनी त्याला थांबवलं.

“ऐक. सकाळी सहाला बागेत येत जा. वर्षभरात पाव नंबर सहज वाढेल.”

“आणि तोवर तुमचे पाऊण वाढतील,” सव्वाआठ म्हणाला. हिशेबात तो कधीच कच्चा नव्हता.

आठ नंबर पुन्हा आपल्या खुर्चीत बसले. नेमणुकीचं नवं पत्र आलं. पहिलं कलम तेच होतं, बाहेर वाच्यता नाही. दुसरं बदललं होतं. ‘पायांचा आकार कायम राखण्यासाठी कर्मचाऱ्याने दररोज सकाळी सहा ते सात अनवाणी चालणे बंधनकारक आहे. रजा घ्यायची झाल्यास पूर्वसूचना द्यावी.’ जी चोरी होती ती नोकरी झाली. बायकोने पत्र दोनदा वाचलं आणि त्याच संध्याकाळी टेबलाच्या पायांची फडकी सोडून धुवायला टाकली. दुसऱ्या दिवशी सिलिंडर आठ नंबरनी सरकवला.

महिना उलटला. सकाळी सहाला आठ नंबर बागेत पोचले. बूट काढून त्यांनी कठड्यावर ठेवले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की कठड्यावर दुसरा जोडच नाही. गेल्या आठवड्यात सहा होते. परवा तीन. आज त्यांचा एकटाच. बायको बाजूला उभी होती, तीही बूट घालून. नव्या मापाचे. “मला नको गवत,” ती म्हणाली होती. “यात काय सुख आहे म्हणून सांगू.”

मंडळ मात्र बागेतच होतं. फरसबंदीच्या वाटेवरून सगळे गप्पा मारत भराभर चालले होते, आणि पंधरा जोड बूट एका लयीत वाजत होते. सगळ्यांत पुढे टपालकाका. ते वळले, गवताच्या कडेला येऊन थांबले.

“भाऊ, अजून अनवाणी?”

“हो. मला असंच बरं वाटतं.”

“अहो, सोडा आता ते. हे बघा.” टपालकाकांनी एक पाय उचलून दाखवला. “दोन आठवडे झाले. पायात काही घातलंय असं वाटतच नाही. बनवणारा कोण आहे देव जाणे, पण त्याला पायांची जाण आहे. नाहीतर याच कंपनीचे आधीचे बूट. ते कुणाच्या पायावर बेतत होते, तो माणूस मला एकदा भेटायला हवा.”

आठ नंबर आपल्या अंगठ्यांकडे बघत राहिले. त्यांच्या मागे बायको एका झुडपाचं बारकाईने निरीक्षण करू लागली. तिचे खांदे हलत होते.

“तुम्ही का नाही घेत?” टपालकाकांनी विचारलं. मग ते वाकून त्या दोन रुंद, मोकळ्या, ओल्या गवताने माखलेल्या पायांकडे बघू लागले, आणि त्यांचा आवाज मऊ झाला. “तुमच्या मापाचा मिळत नाही का?”

गावातल्या प्रत्येक दुकानात, प्रत्येक खोक्यात त्यांच्याच मापाचा बूट होता. पण पहिलं कलम आठ नंबरना पाठ होतं.

“नाही मिळत,” ते म्हणाले.

टपालकाकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“वाईट वाटून घेऊ नका,” ते म्हणाले. “काहींचे पायच चुकीचे असतात.”